दोन्ही हातांत काठोकाठ चहा

चिपळूण

नेतृत्व शिकायला मी संभाजीनगरला चालले आहे, असं घरी सांगितलं तेव्हा नवऱ्याने वर्तमानपत्रातून डोकं वर न काढता विचारलं, "शिकायला चालली आहेस की शिकवायला?" मी उत्तर दिलं नाही. असल्या प्रश्नांना उत्तर न देणं हेही नेतृत्वातच मोडत असावं, असं तेव्हा वाटलं होतं. आता रीतसर प्रशिक्षण घेऊन, प्रमाणपत्र आणि शाल मिळवून परत आले आहे, म्हणून खात्रीने सांगते, मोडत नाही.

मी लहान मुलांची डॉक्टर. चिपळूणच्या एका धर्मादाय इस्पितळात मुलांचा विभाग बघते. त्या विभागात एक काचेची खोली आहे. दिवस भरायच्या आत जन्मलेली एवढीएवढीशी बाळं आम्ही तिथे उबेत ठेवतो. ही खोली नव्हती तेव्हा आईबाप अशी बाळं छातीशी धरून कुंभार्ली घाट चढून कराडला पळायचे, आणि सगळी बाळं पोचायची नाहीत. म्हणून त्या खोलीवर माझा जीव. तिथे कोणी चपला घालून, फोन घेऊन किंवा चहाचा कप घेऊन शिरलं, तर मी जे बोलते ते म्हणे रस्त्यापलीकडच्या केमिस्टला ऐकू जातं. जात असेल. त्याचे कान चांगले आहेत.

या खोलीला डॉक्टर दोन. एक मी, दुसरी सायली. सायली हुशार, हाताने हलकी आणि बोलायला कमी. माझ्या दृष्टीने आदर्श मुलगी. तर ही आदर्श मुलगी एके दिवशी म्हणाली, "मॅडम, पुण्याच्या मोठ्या हॉस्पिटलातून बोलावणं आलंय."

"तिथे असं काय आहे गो, जे इथे नाही?"

ती म्हणाली, "तिथे हातात सुई देतात म्हणे."

हे मला लागलं. सुई मी तिला देत नाही असं नाही. देते. फक्त बाळाला सुई लावायची वेळ आली की परत घेते. किलोभराच्या बाळाची शीर म्हणजे शिवणाचा दोरा, त्यात चूक करायला जागा कुठे असते? मी शेजारी उभी असताना तिने का धडपडायचं?

आमच्या ट्रस्टचे अध्यक्ष अण्णा, काजूचे व्यापारी. त्यांनी मला ऑफिसात बोलावलं, पंखा वाढवला आणि म्हणाले, "डॉक्टरीणबाई, ती पोर गेली तर खोलीला कुलूप लागेल. एकट्या तुम्ही दिवसरात्र उभ्या राहणार काय? तेव्हा तुम्ही जरा शिकून या."

"मी? काय शिकून येऊ?"

"ते आपलं हे... नेतृत्व." त्यांनी मोबाइल पुढे केला. त्यावर एक जाहिरात होती. बालरोगतज्ज्ञांसाठी नेतृत्वविकास, स्थळ छत्रपती संभाजीनगर, आणि मागे उगवता सूर्य.

सायलीने पुण्याला मुदत मागून घेतली. मला म्हणाली, "तुम्ही जाऊन या मॅडम, मग सांगते काय ते." म्हणजे माझा निकाल माझ्या प्रमाणपत्रावर लागणार होता. त्यात निघायच्या आदल्या दिवशी गुहागरकडून एक बाळ आलं. जेमतेम किलोचं, आणि झोपायचं ते असं वेटोळं करून की सिस्टरांनी लगेच त्याचं नाव कोळंबी ठेवलं. त्याला नाकातून हवेचा दाब द्यावा लागत होता. अशा बाळाला सोडून मी मराठवाड्यात नेतृत्व शिकायला निघाले.

मुकुंदवाडी

संभाजीनगरला उतरायचं त्या स्टेशनवर मी उतरलेच नाही. गाडी मोठ्या स्टेशनात उभी होती तेव्हा मी फोनवर कोळंबीने किती दूध पचवलं ते विचारत होते. सिस्टर "थांबा हं, बघून सांगते" म्हणून गेली आणि गाडी हलली. पुढे मुकुंदवाडी नावाचं इवलंसं स्टेशन आहे, तिथे गाडी उभी राहिली ही कृपाच. फलाटावर दोन कुत्री आणि मी. दूध मात्र सगळं पचलं होतं.

रिक्षावाल्याने पत्ता ऐकून माझ्याकडे दयेने पाहिलं. "पडेगाव? मॅडम, वो तो एकदम दुसऱ्या टोकाला है. आप इधर कायकू उतरे?"

"फोनवर होते."

"हां, तो फिर बराबर."

या गावात रस्त्याच्या मधोमध जुने दरवाजे उभे असतात. आमच्याकडे रस्त्यात फणस आला तर रस्ता वळसा घेतो. इथे दरवाजा आला तर रिक्षा, टेम्पो, शाळेच्या व्हॅन सगळ्या मान खाली घालून त्याच्या पोटातून जातात, आणि कोणाला त्यात नवल वाटत नाही. हे मला नंतर कळलं. तेव्हा मी पुन्हा फोनवर होते. "मॅडम, दरवाजा देखो," रिक्षावाला म्हणाला. मी "कुठाय?" म्हणेपर्यंत त्याने उत्तर दिलं, "गया पीछे." असे बरेच दरवाजे मागे गेले. शेवटी त्याने मला दाखवायचं सोडून दिलं आणि स्वतःशीच गुणगुणत राहिला.

पडेगाव

पडेगाव म्हणजे दौलताबादच्या रस्त्यावर शहर संपत आल्याची जागा. तिथल्या एका लग्नाच्या हॉलमध्ये आम्हा बालरोगतज्ज्ञांचं नेतृत्व विकसित होणार होतं. आदल्या दिवशीच्या लग्नाच्या झेंडूच्या माळा अजून खांबांना होत्या, त्यामुळे आम्हा सगळ्यांचं लग्न लागणार की काय, अशी कळा आली होती.

माझ्या खोलीत डॉक्टर वंदना खरात होती. गंगापूरला तिचा स्वतःचा मुलांचा दवाखाना. आवाज उसाच्या ट्रॅक्टरवर मात करील असा, आणि हसणं त्याहून मोठं. मला पाहताच म्हणाली, "कोकणातून आलात व्हय? लई लांबून आलात ओ नेतृत्वासाठी. तिथं पिकत नाय का?" मी ठरवलं की हिच्याशी जुळायचं नाही. जेवायच्या सुट्टीपर्यंत मी तिला वंदना आणि ती मला मेधाताई म्हणत होती.

पहिला दिवस कोच साहेबांचा. कोच साहेब पुण्याचे, कानाला चिकटलेला माइक आणि अंगात कधी न बसणारा उत्साह. त्यांनी पडद्यावर सिंहाचं चित्र लावलं आणि गर्जून विचारलं, "तुमच्या हॉस्पिटलमध्ये खरा लीडर कोण?"

सगळा हॉल एका सुरात म्हणाला, "आजी."

कोच साहेबांना कळेना. मग वंदनाने उभं राहून समजावलं, "सर, आम्ही औषध लिवतो. ते पोराच्या पोटात जायचं का नाय, हे त्याची आजी ठरवती. सलाईन लावू का, तर आजीला विचारा. घरी सोडू का, तर आजीला विचारा. सिंहबिंह काय नसतो ओ आमच्याकडं." कोच साहेबांनी सिंह काढून गरुड लावला.

मग त्यांनी आम्हाला डोळे मिटून शांत श्वास घ्यायला सांगितलं. मुलांच्या डॉक्टरांना हे सांगू नये. आम्ही सगळे एक डोळा किलकिला करून शेजाऱ्याचे श्वास मोजत बसलो. माझ्या डावीकडचे लातूरचे डॉक्टर मला भरभर श्वास घेताना दिसले, म्हणून मी हळूच विचारलं, "दमा आहे का हो?" तर ते म्हणाले, "नाही, ठेचा लागलाय."

ठेच्याचं त्यांचं खरं होतं. जेवणात ज्वारीची भाकरी, पिठलं आणि हिरवा ठेचा. आम्ही कोकणातली माणसं तिखटाला नारळ घालून समजावतो, नाहीतर वर सोलकढी पितो. मी वाढप्याला सोलकढी आहे का विचारलं. तो गंभीरपणे आत जाऊन विचारून आला आणि म्हणाला, "नाय. पण ठेचा हाय अजून." नाकाडोळ्यांतून पाणी काढत मी तीन भाकऱ्या खाल्ल्या. त्या जेवणाला नावं ठेवायची माझी हिंमत नाही.

दिवसभरात मी वॉर्डात किती फोन केले ते विचारू नका. काचेच्या खोलीत मोबाइल न्यायला बंदी आहे, नियम माझाच. त्यामुळे खोलीच्या दाराबाहेर भिंतीवर जुना लँडलाइन आहे, त्यावर फोन करायचा. सिस्टर यायची, आत जाऊन सायलीला विचारायची, परत येऊन मला सांगायची. संध्याकाळी सिस्टरचा आवाज अगदी गोड झाला होता. माणूस फार वैतागला की होतो तसा.

पुन्हा पडेगाव

दुसऱ्या दिवशी कोच साहेब बाजूला बसले आणि काझी सर आले. सर इथल्या मुलांच्या डॉक्टरांना शिकवून शिकवून निवृत्त झालेले. बारीक चणीचे, पांढरी दाढी, अर्ध्या बाह्यांचा कडक इस्त्रीचा शर्ट. माइक त्यांनी नाकारला. ते बोलायला लागले की हॉल आपोआप गप्प व्हायचा.

टेबलावर एक रबरी बाळ होतं. सर म्हणाले, "हे बाळ आत्ता जन्मलं. श्वास घेत नाही. चौघांचा गट करा. तिघं काम करतील. चौथा नेता. नेता बाळाच्या पायाशी उभा राहील, बघेल आणि सांगेल. कशालाच हात लावणार नाही. बस, एवढंच आहे नेतृत्व. चला."

ऐकायला सोपं वाटलं. आता आम्ही सगळे गावोगावचे एकांडे डॉक्टर. सिस्टर नवी, वीज गेलेली, आई रडतेय, अशा वेळी सगळं आपल्या दोन हातांनी करायची सवय हाडात मुरलेली. पहिल्या गटाचा नेता दोन वाक्यं बोलला आणि तिसऱ्याला बाहुलीच्या छातीवर होता. दुसऱ्या गटाचा नेता बोललाच नाही, थेट नळी घालायला धावला. मग बघणाऱ्यांपैकीही दोघंतिघं मदतीला घुसले. त्या बाहुलीवर इतके हात पडले की बाहुली दिसेना. सरांनी घड्याळाकडे पाहिलं. "मुबारक हो. बाळ गेलं. कोणी मारलं? सगळ्यांनी मिळून. गुन्हा कोणावरही शाबीत होणार नाही."

मग माझी पाळी. माझ्या गटात वंदना, लातूरचे ठेचावाले आणि जालन्याचा एक तरुण डॉक्टर. मी पायाशी उभी राहिले आणि छान ठणठणीत आवाजात सांगायला लागले. जालनावाल्याने बाळाच्या तोंडावर हवेचा मास्क धरला. वाकडा धरला हो! कडेने हवा सुटत होती. कोणाला बघवेल? पुढचं मला आठवत नाही. मास्क माझ्या हातात होता आणि तो बिचारा बाजूला हात चोळत उभा होता.

"बाईसाहेब," सर म्हणाले, "हात."

"सर, तो वाकडा धरत होता."

"मग त्याला सांगा, वाकडा आहे. त्याला कान आहेत, माशाल्ला."

पुन्हा केलं. पुन्हा मास्क माझ्या हातात. मला खरंच कळलं नाही, माझे हात केव्हा पुढे गेले ते. हॉलमध्ये हशा झाला. मला हसू आलं नाही. त्या मुलाचा चेहरा मी ओळखत होते. आमच्या काचेच्या खोलीत मी तो रोज बघते, फक्त तिथे त्याच्यावर सायलीचा चष्मा असतो.

सरांनी कोणालातरी हाक मारली. "चहा आणा. दोन कप, काठोकाठ भरून." मला वाटलं, बाई दमली म्हणून पाजतायत. त्यांनी एक कप माझ्या उजव्या हातात दिला, दुसरा डाव्या हातात. बशी नाही. "आता करा. चहा सांडला तर बाळ गेलं असं समजू."

पहिल्यांदा मी इतक्या जोरात ओरडले की चहा माझ्याच साडीवर आला. कप पुन्हा भरले. दुसऱ्यांदा काय करणार? बोटं भाजतायत, हलायची सोय नाही, ओरडायचीही नाही. उभी राहून नुसती बघत राहिले. आणि बघता बघता दिसलं की हवेच्या पिशवीची ऑक्सिजनची नळी कोणी जोडलीच नव्हती. टेबलाखाली लोंबत होती. मघापासून तशीच असणार, मी दोनदा मास्क हिसकावला तेव्हाही. मी हळूच म्हणाले, "वंदना, नळी जोड." तिने जोडली. जालनावाल्याला म्हटलं, "हनुवटी थोडी वर उचल." त्याने उचलली. मास्क सरळ बसला. बाहुली जगली.

सरांनी माझ्या हातातून एक कप घेतला आणि स्वतःच पिऊन टाकला. "बघा," ते म्हणाले, "तुम्हाला सगळं येतं. म्हणूनच तुम्हाला काही दिसत नव्हतं." मी दुसरा कप प्यायले. साखर फार होती.

शहागंज

इतकं शिकल्यावर माणसाने सुधारायला हवं. मी संध्याकाळी सुधारले नाही.

वंदना मला शहागंजच्या बाजूला नान खलिया खायला घेऊन गेली. मोठमोठ्या डेगांतून येणारा पातळ, लालभडक मटणाचा रस्सा आणि तळहाताहून कितीतरी मोठा पिवळसर नान. खरा लग्नाकार्याचा पदार्थ, एकट्यादुकट्याने घरी करायचा नाही, असं वंदनाने सांगितलं. आमच्याकडे मटण वाटणाच्या जिवावर असतं. हा रस्सा दिसायला साधा आणि खाताना जिभेला सावकाश कळत जाणारा. मी पहिला घास घेतला, दुसरा घेतला आणि तिसऱ्याला डाव्या हाताने फोन काढला.

वंदनाने तो माझ्या हातातून काढून घेतला आणि स्वतःच्या पर्समध्ये टाकला. "लई झालं आता, मेधाताई. कोळंबी हाय तिथं, आन् डॉक्टरीणबी हाय. तुमी खलिया खा."

"तिला एकटीला सवय नाही गं."

"कशी व्हईल? तुमी इथून तिचं मनगट धरून बसल्यात." मग नान मोडत म्हणाली, "माझ्याकडं तर एक टिकत नाय. चार जणी आल्या आन् गेल्या. मलाबी तेच जमत नाय बघा. म्हणून तर आले इथं."

फोन तिने खोलीवर गेल्यावर दिला. मी तिच्यासमोर वॉर्डात फोन लावला नाही, न्हाणीघरात जाऊन लावला.

दौलताबाद

शेवटच्या दिवशी समारोपाच्या आधी आम्हाला दौलताबादचा किल्ला दाखवायला नेलं. नेत्याने उंच जागेवरून जगाकडे पाहावं, असं कोच साहेबांचं म्हणणं. पायऱ्यांच्या मध्यापर्यंत पोचेस्तोवर अर्धे नेते गुडघे धरून बसले होते.

या किल्ल्यात एक अंधारी वाट आहे. शत्रूला गोंधळात पाडायला खडकातून कोरलेली, वळणावळणाची, वटवाघळांच्या वासाची. इथे येऊन ती बघितली नाही तर किल्ला बघितलाच नाही म्हणतात. तर सांगायला वाईट वाटतं, मी किल्ला बघितला नाही. अंधारीत फोनला रेंज नसते, असं कोणीतरी म्हणालं, आणि मी तोंडाशीच थांबले. वंदना मला हात जोडून आत गेली. अंधारीचं वर्णन हवं असेल तर कृपया तिला गंगापूरला जाऊन विचारा.

तिथे पायरीवर एक बाई सीताफळं विकत बसली होती. मी तिच्याशेजारी टेकले आणि वॉर्डाचा फोन लावला. वाजला, वाजला, कोणी उचलला नाही. पुन्हा लावला. त्या खोलीबाहेरचा फोन दिवसा कोणी उचलत नाही असं कधी होत नाही. पुन्हा, पुन्हा. मध्येच कानात टिक टिक असा दुसरा कोणाचातरी फोन येत होता. म्हटलं, अण्णा असणार, प्रशिक्षणाचे फोटो मागायला. वाजू दे. आधी वॉर्ड.

"कोणाला लावता ओ येवढा?" सीताफळवाल्या बाईंनी विचारलं.

"बाळ आजारी आहे."

"तुमचं?"

मी नाही म्हणणार होते. "हो," म्हणाले, "माझंच."

तिने एक पिकलेलं सीताफळ फोडून माझ्या हातात ठेवलं. खाववेना. ते हातात धरून मी दुसऱ्या हाताने नंबर लावत राहिले, आणि शेवटी एकदाचा फोन उचलला गेला. सिस्टरला धाप लागली होती.

"मॅडम, कोळंबीच्या छातीत हवा सुटली होती."

ज्यांना माहीत नाही त्यांना सांगते. अशा बाळांची फुप्फुसं इतकी नाजूक असतात की कधी एखाद्यातून हवा सुटते आणि छातीत साठून काळजाला दाबायला लागते. बाळ निळं पडतं. मग बरगड्यांमधून सुई घालून ती हवा काढायची, आणि ती लगेच काढायची. वरून फोन करून विचारण्याइतका वेळ त्यात नसतो. ही सुई आमच्या खोलीत आजवर फक्त मी घातली आहे.

"मग?" मी विचारलं.

"सायली मॅडमनी दिवे बंद करायला लावले, छातीला टॉर्च लावून बघितलं, आणि सुई घातली. आता गुलाबी आहे, मॅडम. झोपलाय वेटोळं करून."

मग सायली फोनवर आली. माझ्या तोंडून पहिलं वाक्य काय निघावं? "कितीची सुई घेतलीस?"

तिने सांगितलं. बरोबर घेतली होती.

"बाजू?"

"डावी, मॅडम. हवा डावीकडे होती." मग म्हणाली, "मी आधी दाराबाहेर येऊन मोबाइलवरून तुम्हाला फोन लावत होते. लागत नव्हता."

कानातली टिक टिक मला तेव्हा आठवली.

वंदना अंधारीतून डोळे चोळत बाहेर आली तेव्हा मी पायरीवर बसून रडत होते. बाळ वाचलं याचा आनंद होता, तो थोडा. मोठा भाग दुसराच होता. माझ्यावाचून झालं, हे मला झोंबलं होतं. इतकी वर्षं ज्यासाठी मर मर मेले ते झालं, तर मला लाज वाटावी इतकं वाईट वाटत होतं. वंदनाने सगळं ऐकून घेतलं, माझ्या हातातलं सीताफळ काढून स्वतः खाल्लं आणि म्हणाली, "चला. तुमचं नेतृत्व झालं विकसित."

समारोपात कोच साहेबांनी प्रत्येकाला एक अनुभव सांगायला लावला. वंदना उठली आणि माझाच सांगितला, पण तिच्या तऱ्हेने. चिपळूणच्या मॅडमना कळलं होतं की ज्युनियरचा फोन येतोय. पण त्यांनी काळजावर दगड ठेवून, मुद्दाम उचलला नाही. पोरीवर विश्वास टाकला! टाळ्यांनी हॉल दणाणला. कोच साहेबांचे डोळे भरून आले. मला स्टेजवर बोलावून इथल्या प्रसिद्ध हिमरू विणीची सुंदर शाल पांघरली आणि सर्वोत्तम नेतृत्व म्हणून फोटो काढला. मी वंदनाकडे डोळे वटारले. तिने डोळा मारला. कोपऱ्यात काझी सर चहा पीत होते, त्यांनी कप किंचित वर उचलला. त्यांना काय ते कळलं होतं, असं मला वाटतं.

चिपळूण

अण्णांनी फोटो आधीच गावभर केला होता. "डॉक्टरीणबाई, पैसा वसूल!" नवरा म्हणाला, "शाल छान आहे," आणि हसू लपवायला वर्तमानपत्र वर धरलं.

मी थेट काचेच्या खोलीत गेले. कोळंबी बरा होता. सायली माझी वाट बघत उभी होती. शालीची गोष्ट तिच्यापर्यंत पोचली होतीच. म्हणाली, "मॅडम, तुम्ही मुद्दाम फोन उचलला नाहीत म्हणे."

आता बघा, केवढी सोय होती. नुसतं हो म्हटलं असतं तरी चाललं असतं. खोली उघडी राहिली असती, मुलगी राहिली असती, आणि शालही. तिच्या चष्म्यामागचे डोळे माझ्यावर रोखलेले. खोटं बोलायला मला कधी जड जात नाही, पण त्या खोलीच्या दारात जमलं नाही.

"नाही गो," मी म्हटलं. "मी या भिंतीवरच्या फोनलाच फोन लावत होते. म्हणून तुझा लागला नाही."

ती हसायलाच लागली. तीन वर्षांत मी तिला एवढं हसताना पाहिलं नव्हतं. "माहीत आहे, मॅडम. तुमचा मोबाइल व्यस्त आणि भिंतीवरचा फोन बोंबलतोय. कोण करतंय, हे कळायला डॉक्टर कशाला व्हायला हवं? सिस्टर उचलायला धावल्या होत्या. मीच म्हटलं, उचलू नका. सुई माझ्या हातात होती. म्हटलं, आता उचलला तर मॅडम तिकडून हात लांबवून ती काढून घेतील."

मी शाल काढून तिच्या खांद्यावर टाकली. ती तिचीच होती.

"आणि पुणं?" मी विचारलं.

"पुण्याला त्याच दिवशी फोन करून विचारलं, मला सुई कधी मिळेल. म्हणाले, पुढे बरेच सीनियर आहेत, बघू." तिने शाल नीट घडी करून खुर्चीवर ठेवली. "इथे निदान रांगेत एकट्या तुम्हीच आहात. राहते मी. पण मॅडम, एक अट. तुम्ही अधूनमधून असं नेतृत्व शिकायला जात जा."

काल दुपारी पेढांब्याहून एक नवं बाळ आलं. नाळेतून नळी घालायची होती, माझं अगदी आवडतं काम. हात धुवायला निघालेच होते. मग वाटेत थांबले आणि वॉर्डातल्या मावशींना म्हटलं, "दोन कप चहा आणा. काठोकाठ."

"दोन? कोण आलंय, मॅडम?"

"कोणी नाही. आणा."

चहा घेऊन त्या खोलीत शिरायला बंदी आहे, नियम माझाच. म्हणून दोन्ही हातांत कप घेऊन मी काचेबाहेर उभी राहिले. आत सायलीने हात धुतले, हातमोजे घातले आणि नळी उचलली. एकदा तिने मान वर करून काचेतून माझ्याकडे पाहिलं. मी नुसती मान डोलावली. बोटं भाजत होती. मावशी माझ्याकडे बघत होत्या, डॉक्टरीणबाईंना संभाजीनगरची हवा मानवलेली दिसत नाही, अशा चेहऱ्याने. थोड्या वेळाने आतून बाळाचं खणखणीत रडणं ऐकू आलं, आणि सायलीने अंगठा वर केला.

चहावर साय धरली होती. एक थेंबही सांडला नव्हता, हे मात्र मी काझी सरांना कळवणार आहे.